तिच्या नावाची पिशवी

प्लेटलेट्सच्या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. त्या हलत्या यंत्रावर ठेवतात, अखंड इकडून तिकडे. रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने हे सांगितलं असतं. बावीस वर्षं तो तेच करत होता. पिशवी उजेडात धरून हलवायची. आत रेशमी झळाळी फिरली, तर पेशी जिवंत आहेत. नाहीतर टाकून द्यायची.

त्याची धाकटी बहीण वरच्याच मजल्यावर होती. केमोची तिसरी फेरी, प्लेटलेट्स सहा हजारांवर आलेल्या. तिला उठवताना त्याने नुसतं मनगट धरलं, तर तिथे चार बोटं निळी उमटली.

“हळू रे दादा,” ती हसली. “पिकलेलं केळं झालेय मी.”

तिच्यासाठी जेमतेम एक पिशवी मिळाली. तीन रात्रींच्या जागरणानंतर, हाताच्या सवयीने, त्याने ती लाल रक्ताच्या फ्रीजमध्ये सारली. दुपारी काढली तेव्हा ती गार होती आणि झळाळी गेली होती. दुसरी येईपर्यंत बहिणीच्या मेंदूत रक्तस्राव झाला. संध्याकाळी ती गेली.

त्याने कुणाला काही सांगितलं नाही. ती पिशवी टाकायचं मात्र त्याच्या जिवावर आलं. त्याने ती यंत्राच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवली. लहानपणी बहिणीच्या पाळण्याची दोरी त्याच्याच हातात असायची. पाळणा थांबला की ती जागी व्हायची.

आठव्या दिवशी रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंच्या हाती ती पिशवी लागली.

“पाच दिवसांच्या वर आपण ठेवत नाही ना? मग ही इथे कशी?” त्यांनी ती खिडकीशी धरून हलवली, मग पुन्हा हलवली. “झळाळी आहे हिच्यात.”

“टाकतो मी.”

“आजच टाका,” बाई म्हणाल्या. हात त्यांनी दोनदा धुतले.

त्याने टाकली नाही.

विसाव्या दिवशी, भर दुपारी, दुरुस्तीसाठी यंत्र बंद केलं. कप्पे थांबले. खालची पिशवी थांबली नाही.

त्याने ती एका हाताने उचलली. अंगाइतकी कोमट लागली.

“चुकलं गं माझं,” तो म्हणाला. पहिल्यांदाच, मोठ्याने. “मीच फ्रीजमध्ये ठेवली होती.”

पिशवी थांबली.

त्याने ती जपून टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतला.

जिथे धरली होती, तिथे चार बोटं हळूहळू निळी उमटत होती.