कोऱ्या उतारावरचं घर

थोरली काय करते, असं कुणी विचारलं की तिच्याआधी धाकटीच उत्तर द्यायची, "गोचीड पाळते!" खरं तर थोरली गोचीड पाळत नव्हती, शोधत होती. कुठल्या भागात कुठला गोचीड सापडतो आणि तो कुठल्या जनावरावर जगतो, याचा नकाशा करणं हे तिचं काम. पक्की नोकरी होती, हाताखाली दोन माणसं होती, आणि बसमध्ये शेजारची जागा कायम रिकामी मिळायची, कारण पिशवीत काय आहे हे ती विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगून टाकायची.

कामाची रीत सोपी होती. पांढरी चादर काठीला बांधायची आणि गवतावरून ओढत चालायचं. गवताच्या शेंड्यावर उपाशी गोचीड पुढचे पाय पसरून बसलेला असतो. चादर अंगाला घासली की त्याला वाटतं, आली आपली गाडी, आणि तो बिनदिक्कत चढतो. मग तो बाटलीत, बाटलीतून भिंगाखाली, आणि शेवटी भिंतीवरच्या नकाशावर त्याच्या नावाची टाचणी. गुरांच्या गोचिडांना लाल, कुत्र्यांच्यांना पिवळी, सशांच्यांना हिरवी.

"गोचिडाइतका आळशी प्राणी नाही," असं ती सांगायची. "स्वतःच्या पायांनी फार तर हातभर जाईल. बाकी सगळा प्रवास दुसऱ्याच्या पाठीवर, फुकट. उपाशी गोचीड बसलेला दिसला की समजायचं, इथून जनावर जातं. पोट भरलेला पडलेला दिसला की समजायचं, इथं जनावर थांबतं." हे ती बहुधा जेवतानाच सांगायची, त्यामुळे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं आणि कुणी दुसऱ्यांदा भात घेत नसे.

नकाशावर एकच जागा कोरी होती. गावामागच्या टेकडीचा उतार. वर्षानुवर्षं चादर ओढली, पण एक गोचीड लागला नाही. अर्धं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलेली धाकटी आणि तिचा नवरा जागा शोधत होते, तेव्हा थोरलीने छातीठोकपणे सांगितलं, "डोळे मिटून तिथं घे. त्या उतारावर एक जरी गोचीड सापडला ना, तर तुझी भांडी मी घासेन!"

"शब्द दिलास हं," धाकटी म्हणाली.

थोरलीच्या शब्दावर त्यांनी घर बांधलं. त्या उतारावर साधा ससासुद्धा का फिरकत नाही, हा प्रश्न थोरलीला पडायला हवा होता. पण कोरी चादर बघून इतकी वर्षं ती खूशच होत आली होती.

घर छोटं आणि देखणं झालं. धाकटीचा नवरा रंगारी. जन्मभर शिडीवर उभं राहून कंटाळलेला. त्याने स्वतःच्या घराची छतं मुद्दाम बुटकी ठेवली. "आपल्या घरात तरी शिडी नको बुवा!" म्हणाला. धाकटी तर हवेत होती. दिवसातून दहादा दाराला कडी लावायची आणि काढायची, स्वतःची कडी म्हणून. त्यांचं म्हातारं कुत्रं, त्याला सगळे आजोबा म्हणत, तेही तिथं तरुण झालं. फाटकापाशी मागच्या दोन पायांवर उभं राहायचं, वर बघायचं आणि शेपूट हलवत राहायचं.

"कुणाला एवढा लाडात येतो हा?" थोरलीने विचारलं.

"पाखरांना," धाकटी म्हणाली. "ए, आत ये ना, तुला माझी मोरी दाखवते."

फाटकाजवळच्या झाडावर पाखरू नव्हतं. पण मोरी खरंच बघण्यासारखी होती, म्हणून थोरली आत गेली.

रंगाऱ्याला बाहेरच्या भिंतीसाठी मात्र शिडी लागलीच. फाटकाजवळच्या झाडाची एक फांदी भिंतीला घासत होती, ती कापायला तो पार वरच्या पायरीवर चढला आणि तिथूनच ओरडला, "ताई, हे तुमचं गिऱ्हाईक का हो?"

थोरली पदर खोचून शिडी चढली. पानांच्या टोकांवर, दारापेक्षा कितीतरी वर, गोचीड बसले होते. पुढचे पाय पसरून. शिस्तीत, रांगेत.

"चला!" खालून धाकटीने टाळी वाजवली. "कढई ठेवलीय घासायला!"

थोरली हसली, पण खाली उतरली नाही. सशाचा गोचीड बोटभर उंचीवर बसतो, गुरांचा गुडघ्याएवढ्या. ज्याच्या-त्याच्या गाडीच्या उंचीवर. उगाच वर चढून बसायला तो काही वेडा नाही.

"एवढं उंच काय जातं हो इथून?" रंगाऱ्याने विचारलं.

"पाय फुटलेली पाण्याची टाकी," थोरली म्हणाली. दोघंही हसले.

दुसऱ्या दिवशी तिने चादर लांब बांबूला बांधली आणि उतारावर झाडांच्या शेंड्यांवरून फिरवली. चादर काळी झाली. गवतात काही नव्हतं, वर सगळं होतं. इतकी वर्षं ती खाली बघून चालली होती! आणि ते उतारभर पसरलेलेही नव्हते. एक पट्टा होता, पायवाटेएवढा रुंद, टेकडीच्या माथ्यापासून सरळ खाली आलेला. त्या पट्ट्यावर मधोमध धाकटीचं घर होतं.

कचेरीत रक्त तपासणारा एक सहकारी होता. कामाला शोभेल म्हणून सगळे त्याला ढेकूण म्हणत, आणि तोही हाकेला ओ द्यायचा. गोचिडाच्या पोटात मागच्या जेवणाचा अंश उरतो, त्यावरून ढेकूण जनावर ओळखायचा. या वेळी तो स्वतः बाटली परत घेऊन आला.

"कुठलं जनावर?" थोरलीने विचारलं.

"मशीन बिघडलंय बहुतेक. कशाशीच पूर्ण जुळत नाही." तो चष्मा पुसत बसला. "थोडं गाईशी जुळतं. थोडं पाखराशी. थोडं तुझ्या-माझ्याशी."

"मशीन दुरुस्त करून घे."

"काल गुरांचं रक्त तपासलं, बरोबर ओळखलं त्याने," ढेकूण म्हणाला आणि बाटली टेबलावर ठेवून गेला.

थोरलीने स्वतःची समजूत घातली. जातं ते बाहेरून जातं. एवढं उंच जनावर त्या बुटक्या घरात शिरणार कसं? वाट आहे, वाट बदलता येते. थांबत नाही ना, मग झालं तर. तिला एकच गोष्ट खात्रीने हवी होती, पोट भरलेला गोचीड आसपास कुठं पडलेला नाही. तो नाही सापडला तर धाकटीचं घर धाकटीचं राहणार होतं. सापडला तर बहिणीला आयुष्यातल्या पहिल्या घराबाहेर काढावं लागणार होतं, आणि तिथं तिला बसवलं होतं थोरलीनेच.

म्हणून ती भरदुपारी भांडी घासायच्या निमित्ताने गेली. रंगारी कामावर गेला होता. धाकटी नुकतीच झोपेतून उठली होती, गाल लाल, केस विस्कटलेले.

"इथं काय झोप लागते गं!" ती आळस देत म्हणाली. "दुपारी जरा आडवी झाले की मेल्यासारखी झोपते. आणि गंमत म्हणजे उठते तेव्हा अंगावर पांघरूण असतं. नवऱ्याला म्हटलं, बाई गं, एवढं प्रेम! तर म्हणतो, मी कामावर असतो."

"खोली झाडून देते तुझी," थोरली म्हणाली.

"भांडी म्हणाली होतीस."

"झाडणं फुकट."

तिने अंगण आधीच पाहिलं होतं, परसही पाहिलं होतं. काही नव्हतं. तिने पलंग ओढला.

धाकटीच्या उशाच्या बाजूला, भिंत आणि पलंग यांच्या मधल्या फटीत ते पडले होते. काळ्या द्राक्षांएवढे. टम्म फुगलेले, तृप्त. काही जुने, वाळून कवचं झालेले. काही ताजे. एक उशीच्या अभ्र्यावर होता.

थोरलीने धाकटीला दिसायच्या आत सगळे पिशवीत भरले. तोंड हसतं ठेवलं.

"ऐक, माझ्याकडे चल चार दिवस. आत्ता. माझं घर खायला उठतंय."

"आणि माझी भांडी?"

"तिथं घासते. तुझी, माझी, शेजारच्यांचीसुद्धा!"

धाकटी खळखळून हसली आणि पिशवी भरायला लागली. बहिणीकडे राहायला जायचं म्हटल्यावर ती अजून लहान मुलीसारखी व्हायची. रंगाऱ्याला फोन करून सांगितलं, परस्पर तिकडेच ये. निघताना तिने कडी लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. थोरलीला तिच्याकडे बघवलं नाही. थोरली त्या दिवशी कचेरीची गाडी घेऊन आली होती, आजोबा उडी मारून तिच्यात बसला. वाटभर तो मागच्या काचेतून वर बघत होता आणि शेपूट सीटवर आपटत होता.

थोरलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. हात वर केला की बोटं छताला लागतील, असं बुटकं. फाटक नाही, झाड नाही, गवत तर औषधालाही नाही. जिना चढता चढता तिच्या जिवात जीव आला. दोघी पोटभर जेवल्या. जुन्या मास्तरीणबाईंची नक्कल करून धाकटीने तिला ठसका लागेपर्यंत हसवलं, आणि मग बोलता बोलताच आतल्या खोलीत आडवी झाली.

शब्द तो शब्द. थोरली मोरीशी उभी राहून भांडी घासायला लागली. खिडकीतून ऊन येत होतं. ती गुणगुणत होती. ढेकणाला सांगायचं, मशीन बघून घे. रंगाऱ्याला सांगायचं, दुसरी जागा शोधू. सगळं होईल. धाकटी आपल्याजवळ आहे.

कढईतल्या फेसात काहीतरी टप्पकन पडलं.

तिने बोटाने फेस बाजूला केला. काळं द्राक्ष. टम्म. पाय अजून हलत होते.

ती वर बघणार होती. बघितलं नाही.

दारात आजोबा येऊन बसला होता. तो मागच्या पायांवर उभा राहिला नाही. बसल्या बसल्याच, तिच्या खांद्याच्या जरा वर बघत, शेपूट हलवत होता.

थोरलीने नळ बंद केला आणि तशीच आतल्या खोलीच्या दाराशी गेली. धाकटी गाढ झोपली होती, तोंडावर हसू.

कपाटाचं दार उघडं होतं. आणि धाकटीच्या अंगावर, हनुवटीपर्यंत, थोरलीचं घडीचं पांघरूण होतं.