तीनशे अठरा नंबरची बातमी

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" फोनवरच्या डॉक्टरीणबाईंचा आवाज सगळ्या ऑफिसला ऐकू येत होता. "आमचं प्रसूतिगृह सोमवारपासून बंद होणार, असं तुम्हाला सांगितलं कोणी? फाटकावर दीडशे माणसं उभी आहेत. एका बाईला तिथेच कळा सुरू झाल्या!"

मालकीणबाईंनी घाईघाईने आपल्या वृत्तपत्राची वेबसाइट उघडली. बातमी होती. ती कोणीही तपासलेली नव्हती, आणि तरीही जगाला दिसत होती. त्यांनी तिचा कागद छापून घेतला, बातमी काढून टाकायला लावली आणि संपादकांकडे पाहिलं.

"मी मसुदा म्हणून ठेवली होती," संपादक म्हणाले. "हिच्या त्या प्लगइनने परस्पर लावली. मी आधीच सांगत होतो."

'ही' म्हणजे ऑफिसातली एकुलती एक प्रोग्रामर. तीन महिन्यांपूर्वी तिने साइटला ते प्लगइन, म्हणजे एक जादा प्रोग्राम, जोडलं होतं. तेव्हापासून प्रत्येक लेखाला अवस्था आली. आधी मसुदा, मग तपासलेला, मग प्रकाशित. मधली पायरी चुकवून कोणाला पुढे जाता येत नसे. संपादकांना ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

"पाचपर्यंत राजीनामा दे," मालकीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "आणि शिफारसपत्र मागू नकोस."

मुलगी आपल्या टेबलाकडे वळली. धाकट्या भावाच्या कॉलेजची फी तिच्या पगारातून जात होती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच बहुधा सगळ्यांनी माना खाली घातल्या.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या प्रूफवाल्या काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. एकतीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या चुका काढत आल्या होत्या. या काळात त्यांनी सहा संपादक पाहिले, आणि सध्याचा त्यातला सर्वांत पोकळ, असं त्यांचं मत होतं. अक्कल बेताची, पण नाकाने कांदे सोलायची हौस दांडगी. 'तपासलं' ही खूण करायचा अधिकार काकूंकडे होता, आणि ही बातमी त्यांच्याकडे आलीच नव्हती.

"बाई, तो कागद बघू," त्या म्हणाल्या.

"काकू, हे तांत्रिक प्रकरण आहे," संपादक हसले. "तुम्हाला नाही कळायचं."

"वाचता येतं मला. तुमचे लेख एवढी वर्षं कोणी वाचले?"

काकूंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. सगळ्यात वर साइटचा पत्ता होता आणि त्याच्या शेवटी लेखाचा नंबर, तीनशे अठरा. तळाशी वाचकाची एक प्रतिक्रिया होती. 'पत्ता बरोबर निघाला. आजीचं शिवणयंत्र सुरू झालं. आभारी आहे.' तारीख चार वर्षांपूर्वीची.

काकूंनी ती प्रतिक्रिया दोनदा वाचली. मग त्या बातमीदाराच्या टेबलाशी गेल्या. हा गडी आपण तिथे नाहीच, अशा थाटात पेन्सिलला टोक काढत होता.

"बातमी तुझी?"

"हो, पण अर्धीच. रुग्णालयाचं म्हणणं यायचं होतं."

"साइटवर कोणी चढवली?"

"मी नाही. काल संध्याकाळी साहेबांना मेल केली. ते म्हणाले, पुढचं मी बघतो."

"मग मघाशी तोंड का शिवलं होतंस?"

बातमीदाराने पेन्सिलीत लक्ष घातलं. याला कणा नाही हे काकूंना ठाऊक होतं, पण इतका नसेल असं वाटलं नव्हतं.

मुलगी ड्रॉवर रिकामा करत होती. काकू तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"रडायचं नंतर. आधी सांग, एखादा लेख प्रकाशित केला की नोंद होते?"

"होते. कोणी केला, किती वाजता, सगळं."

"या बातमीची?"

"कोरी आहे. वेळ नाही, नाव नाही. म्हणून तर साहेब म्हणतात, प्लगइन बिघडलं."

"आणखी कुठल्या लेखांची नोंद कोरी आहे?"

"जुन्या सगळ्या. प्लगइन जोडलं तेव्हा आधीचे लेख साइटवर दिसतच होते, म्हणून ते मी एकगठ्ठा प्रकाशित धरले. बटण कोणी दाबलंच नव्हतं, मग नोंद कुठली?"

"हल्ली लेखांना कितवे नंबर पडतात?"

"चौदा हजारांच्या पुढचे."

"एखादा खोडला तर त्याचा नंबर दुसऱ्याला जातो?"

"नाही. तिथे खाच राहते, तो नंबर रिकामाच."

"कालपासूनची यादी काढ. आणि जुन्या लेखाचा मजकूर कोण बदलू शकतं, तेही सांग."

मुलीने यादी काढली, आणि काढता काढता तिचे हात थांबले.

साडेचारला काकू मालकीणबाईंच्या खोलीत शिरल्या. मुलगी मागे होती. संपादक आधीच तिथे पाय पसरून बसले होते.

"साहेब, बातमी तुम्ही स्वतः चढवलीत ना?"

"सांगितलं ना. काल संध्याकाळी नवीन लेख उघडला, मजकूर टाकला, मसुदा म्हणून ठेवला."

"नवीन लेख? नक्की?"

"किती वेळा सांगू?"

"मग त्याला तीनशे अठरा नंबर कसा? काल-आजचे लेख चौदा हजारांच्या पुढे आहेत." काकूंनी यादी टेबलावर ठेवली. "नंबर सलग आहेत. एकही खाच नाही. म्हणजे नवीन लेख तुम्ही उघडलाच नाहीत, आणि कोणी खोडलाही नाही."

संपादकांनी पाय आवरले.

"बाई, तीनशे अठरा हा शिवणयंत्र दुरुस्तीचा चार वर्षांपूर्वीचा लेख. तो आधीपासून प्रकाशित. यांनी त्याचा मजकूर पुसला आणि त्या जागी ही बातमी चिकटवली. मसुदा नको, तपासणी नको, माझी खूण नको. जतन केलं की थेट जगासमोर. फक्त खालची जुनी प्रतिक्रिया पुसायची राहिली. अर्धवट कामाची सवय, दुसरं काय!"

"हे कोणीही केलं असेल!"

"जुन्या लेखात बदल करायची सोय फक्त तुमच्या नावावर आहे, साहेब. तुम्हीच हट्टाने मागून घेतलीत," मुलगी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलली.

"हिला तर सगळंच बदलता येतं!"

"येत असेल," काकू म्हणाल्या. "पण नवीन लेखाची थाप हिने नाही मारली. बातमी आपल्याकडे सर्वांत आधी आली म्हणून मिरवायचं होतं, आणि एका म्हातारीची खूण घ्यायला कमीपणा वाटत होता. अंगाशी आलं तेव्हा खापर पोरीच्या डोक्यावर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला.

"तू राहा," त्या मुलीला म्हणाल्या. "मी घाई केली. साहेब, माफीचं निवेदन लिहा. आजच जाऊ दे. तुमचं पुढे काय, ते उद्या बघते."

संपादकांनी लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे चुकीची बातमी प्रसिद्ध झाली.' निवेदन मसुदा म्हणून काकूंच्या पडद्यावर आलं. काकूंनी परत पाठवलं. दुसऱ्यांदा 'अनवधानाने' आलं. काकूंनी तेही परत पाठवलं.

"काकू, सहा वाजत आले," संपादक दारात येऊन म्हणाले. "लोक फोन करतायत. खूण करा ना."

"खरं लिहा, करते."

तिसऱ्यांदा आलं. 'ही बातमी मी, संपादकाने, न तपासता प्रसिद्ध केली आणि दोष माझ्या सहकारी प्रोग्रामरवर ढकलला. तिची चूक नव्हती.'

काकूंनी ते सावकाश वाचलं, 'तपासलं' ही खूण केली आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"ये पोरी," त्या म्हणाल्या. "प्रकाशित तू कर."