उरलेला कापूस

कुणाला घाबरवायला हे लिहीत नाही. मला स्वतःला याची किळस येते, म्हणून लिहितेय. माझे अब्बा अमीन नदाफ यांच्या बाबतीत हे घडलं. त्यांनी आयुष्यात दोनदाच सांगितलं आणि दोन्ही वेळा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही.

मे १९७४. गुरुवार. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती.

दुपारचे तीन वाजले होते.

जागा कोल्हापूरजवळची, मुलांची एक बडी निवासी शाळा. नाव सांगणार नाही. त्या वर्षी तिला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. बावीस घोडे, पोहायचा तलाव, भिंतभर चांदीचे कप. त्या कपांना उजाळा द्यायला वर्षातून दोनदा हुपरीचे कारागीर यायचे. मुलांच्या गाद्यांना मात्र वर्षातून एकदा, उन्हाळी सुट्टीत, आमचे अब्बा.

अब्बा पिंजारी होते. चाळीस गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायच्या. आठवड्याचं काम.

आमच्या धंद्यात आजोबांपासूनचा एक नियम होता. ज्याचा कापूस त्याच्याच गादीत. एकाचा कापूस दुसऱ्याच्या अंगाखाली घालायचा नाही.

त्या वर्षी अब्बांनी तो मोडला.

रेक्टर गणपतराव म्हणाले, "अमीन, या वेळी पाहुणे येणार आहेत. राजघराण्यातले, दिल्लीचे. गाद्या सगळ्या सारख्या फुगलेल्या दिसल्या पाहिजेत. एकच ढीग कर आणि सगळीकडे सारखा वाट."

"साहेब, तसं करत न्हाईत आमच्यात."

"तुमच्यातलं घरी. कापूस कमी पडला तर अडगळीच्या खोलीत एक जादा गादी आहे, ती घे."

अब्बांना घाई होती. घरी माझ्या अम्मीचे, खतिजाचे, दिवस भरले होते. "शाळेचा कापूस लई झ्याक असतोय," ती म्हणायची. "बाळाला बारकी गादी करू." उरलेला कापूस मात्र पिंजाऱ्याचा, एवढी सूट रिवाजातच होती. काम लवकर उरकलं तर बाळ यायच्या आत गादी तयार. अब्बांनी मान डोलावली.

कापूस कमी पडला तेव्हा अडगळीतली ती गादी त्यांनी उसवली आणि तोंड फिरवलं.

आंबट वास. नासलेल्या दुधाचा असतो तसा, पण त्याहून वाईट. उशाकडच्या डाव्या बाजूला कापसाचा गठ्ठा पिवळा पडून वाळून कडक झाला होता. गादीवरचा मुलाचा नंबर कुणीतरी कात्रीनं कापून काढलेला होता.

तरी अब्बांनी तो कापूस ढिगात टाकला आणि पिंजायच्या धनुकलीची तार वाजवायला घेतली.

पिंजल्यावर सगळा कापूस सारखाच पांढरा दिसतो.

बुधवारी शेवटची गादी भरून झाली. उरलेला कापूस फडक्यात बांधून अब्बा घरी घेऊन गेले. अम्मीनं रात्रीच सुई-दोरा काढला.

गुरुवारी टाके घालायचं काम तेवढं राहिलं होतं. अब्बा खाली व्हरांड्यात शेवटची गादी घेऊन बसले होते. बाकीच्या एकोणचाळीस वरच्या मोठ्या खोलीत खाटांवर अंथरून झाल्या होत्या. शाळेत मुलं नाहीत, मास्तर नाहीत. घोडेसुद्धा तबेल्यात गप्प होते.

आणि वरून आवाज आला...

कुणीतरी ओकत होतं.

पोटातलं सगळं संपल्यावर जशा कोरड्या उलट्या येतात, तशा. मध्येच थांबायचं... दम घ्यायचा... पुन्हा सुरू.

अब्बांनी हाक मारली, "कोण हाय वर?"

आवाज थांबला. ते जिना चढून गेले.

खोलीत कुणी नव्हतं. खिडक्यांना आतून कड्या होत्या. चाळीस खाटा, एकोणचाळीस नव्या फुगलेल्या गाद्या.

प्रत्येक गादीवर, उशाकडे डाव्या बाजूला... तळहाताएवढा ओला डाग होता.

एका डागाला त्यांनी बोट लावलं.

कोमट होता.

आणि पिवळसर केशरी. बोटाला तोच वास आला. अब्बा जिना उतरून खाली आले आणि तुळशीच्या कट्ट्याजवळ भडाभडा ओकले.

शाळेचा जुना राखणदार ज्ञानू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आला. अब्बांनी त्याला वरचे डाग सांगितले, अडगळीतल्या गादीचं सांगितलं. ज्ञानूच्या हातातला तांब्या खाली पडला.

"ती गादी? अवो अमीनभाई, काय केलासा ह्ये! ती मला जाळायला सांगिटलीवती... मग ह्योच रेक्टर म्हनाला, कापूस चांगला हाय, ठेव आत."

"कुणाची हुती?"

"एकसष्ट सालची गोष्ट. नऊ वर्साचं पोरगं हुतं, लांबच्या गावचं. गॅदरिंगचा केशरी भात खाल्ला आनि वकाय लागलं. दोन दीस वकत हुतं. रेक्टर म्हनाला, ढोंग करतंय, पावण्यांच्या म्होरं तमाशा नगं. भायेरनं कडी लावली. डागदर न्हाय, कोन न्हाय. तिसऱ्या दिशी मीच दार उघडलं..."

बावीस घोड्यांसाठी त्या शाळेत पगारी डॉक्टर होता हो. पोरासाठी हाक मारायला कुणी गेलं नाही.

मग ज्ञानूनं विचारलं, "उरलेला कापूस कुठं हाय?"

अब्बांनी सायकल काढली. बावड्याच्या रस्त्यानं ते घरी कसे आले, त्यांचं त्यांना आठवत नव्हतं.

घराच्या दारातच दाई धोंडुबाई हसत उभी होती. "पोरगी झाली! दुपारी तीनला. सुटली बाई एकदाची."

"कुठं ठेवलीया?"

"नव्या गादीवर. आनि काय सांगू, आल्याआल्या वकलीसुदीक! अजून दुधाचा थेंब पाजला न्हाय, आनि..."

धोंडुबाईचं हसू तोंडातच राहिलं. अब्बांच्या मागोमाग तीही आत आली होती आणि दारातून आलेल्या उजेडात तिनं पहिल्यांदाच नीट बघितलं.

बाळाच्या तोंडाशी, डाव्या बाजूला, ओला डाग होता.

आणि त्या डागात भाताचं एक शीत होतं.

केशरी...

अब्बांनी बाळ उचलून अम्मीच्या कुशीत दिलं आणि गादी परसात नेऊन जाळली. कापूस भपकन पेटायला हवा. तो ओल्या लाकडासारखा धुमसत राहिला. ती घाण गल्लीभर पसरली, लोकांनी दारं लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते रेक्टरकडे गेले. डाग वाळून नाहीसे झाले होते. "साहेब, सगळ्या गाद्या जाळा. मी फुकट नव्या भरून देतो," अब्बा हात जोडून म्हणाले.

गणपतरावांनी शाळेच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाचं छापून आलेलं जाड पुस्तक पुढे सरकवलं. घोडे होते त्यात, तलाव होता, कप होते, देणगीदार होते.

"यात कुठं आहे का तुझा तो मुलगा? मग झालं तर."

जूनमध्ये मुलं आली. त्याच गाद्यांवर झोपली. अब्बांनी त्यानंतर धनुकली हातात धरली नाही.

ते बाळ म्हणजे मी.

आज मी फोमच्या उशीवर झोपते. रोज धुतलेला अभ्रा घालते. डॉक्टरांना दाखवून झालं, नृसिंहवाडीला जाऊन झालं, दर्ग्यात जाऊन झालं. तरी मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी उशीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढं ओलं लागतं... कोमट.

आत काही आहे का, ते मी बघत नाही. डोळे मिटून अभ्रा काढते आणि बंबात घालून जाळते.

त्या खोलीतली चाळीस मुलं आता साठीला आली असतील. कुणी कारखान्याचा चेअरमन, कुणी मोठा अधिकारी. लग्नकार्यात त्यातला एखादा भेटतो. इस्त्रीचे कपडे, अत्तराचा वास, शाळेच्या आठवणी.

प्रत्येक वेळी मला त्याला एकच विचारावंसं वाटतं.

गेल्या महिन्यात एकाला विचारलं. "तुमची उशी कधी ओली होते का हो?"

त्याच्या हातात जेवणाचं ताट होतं. त्यानं ते तसंच खाली ठेवलं, तोंडावर रुमाल दाबला आणि बाहेर निघून गेला.

ताटात केशरी भात होता.