ओढाळ दगड

हद्द चालायच्या दिवशी सकाळी एल्डन क्रॉकरनं दोन सँडविच बांधली. एक पुरलं असतं, पण हाताची सवय जात नव्हती. त्यानं शेगडीत दोन ओंडके सारले आणि नारिंगी जाकीट चढवलं. नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचा महिना, नारिंगी घातल्याशिवाय रानात कोणी शिरत नाही. दाराशी जाऊन तो मागं वळला आणि म्हणाला, "येतो गं."

फडताळावर, कॉफीच्या डब्याशेजारी, विनीच्या राखेची पेटी होती.

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. विनी क्वेकर पंथाची, एल्डन नाही. रविवारी तिची मंडळी सभागृहात प्रार्थना म्हणून तासभर गप्प बसायची, आणि एल्डन बाहेर गाडीत बसून रेडिओवर बेसबॉल ऐकायचा. "तू तरी गाडीत काय भाषण करतोस?" विनी म्हणायची. "गप्पच बसायचं तर आत येऊन बस." उभ्या संसारात तो एकदाही आत गेला नाही.

शेवटच्या आजारात तिनं एकच मागणं केलं होतं. "मला डॉर्कसजवळ ठेव."

डॉर्कस हॅलेट ही विनीची कितीतरी पिढ्यांमागची आजी. त्या काळी एल्डनचं हे थॉर्नहॅम कडव्या प्युरिटन ख्रिस्त्यांचं गाव होतं. देव प्रत्येकाच्या आत बोलतो, मधे पाद्री कशाला, असं क्वेकर झालेली डॉर्कस भर चौकात म्हणायची. गावानं तिला बैलगाडीच्या मागं बांधलं आणि फटके मारत हद्दीबाहेर नेलं. अंगावर पिणारी मुलगी मात्र ठेवून घेतली आणि पाद्र्याच्या घरी वाढवली. डॉर्कस लेकीसाठी परत आली. ऐन हिवाळ्यात तिला पुन्हा हाकललं. तिथून पुढं तिचं काय झालं, ते गावच्या दप्तरात नव्हतं. जुने क्वेकर थडग्यावर दगड लावत नसत, त्यामुळं दफनभूमीतही शोध लागत नव्हता. विनी त्या मुलीच्या वंशातली. आणि डॉर्कसला दोन्ही वेळा हद्दीपर्यंत नेणारा गावचा शिपाई होता एक क्रॉकर.

"तुझ्या माणसांनी माझ्या माणसाला फटके मारले," जेवण झालं की विनी म्हणायची. "तेव्हा आज भांडी तुझी."

ती गेल्यापासून एल्डनचा पाय घरात ठरत नव्हता. तो आजूबाजूच्या गावांच्या कचेऱ्या धुंडाळायचा, पडकी कुंपणं बघत फिरायचा, बर्फ असो की चिखल. लोकांना वाटे, काय बायकोवर जीव! ते खरंच होतं. पण थडगं सापडत नव्हतं तोवर पेटी फडताळावर राहणार होती, हेही खरं होतं. ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

दर पाच वर्षांनी थॉर्नहॅम आणि मिलब्रुक या दोन गावांची माणसं मिळून मधली हद्द चालतात. हद्दीचे दगड जागेवर आहेत ना ते बघायचं, त्यांच्यावर नवं वर्ष रंगवायचं, आणि घरी जायचं. या खेपेला एल्डननं बरोबर येऊ का म्हणून विचारलं होतं. डॉर्कसला बाहेर घातलं ती रेघ त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

थॉर्नहॅमकडून पंच म्हणून लेव्हरेट होता, एल्डनचा शाळेपासूनचा मित्र. त्यानं आपला छोटा ट्रॅक्टर आणला होता. मिलब्रुककडून कार्ला मेडेरोस होती, हातात रंगाचा डबा घेऊन.

"ट्रॅक्टर कशाला?" कार्लानं विचारलं.

"तू पहिल्यांदाच आलीस ना? पुढं आमचा ओढाळ आहे," लेव्हरेट म्हणाला. "एक दगड जागेवर राहत नाही. दर खेपेला हातभर, दोन हात आमच्या बाजूला सरकलेला असतो. थंडीत जमीन फुगते, दगड उचलला जातो. मग आम्ही ओढून परत हद्दीवर आणतो. माझा बाप ओढायचा, त्याचा बाप ओढायचा."

"नेहमी तुमच्याच बाजूला? आमच्याकडं कधीच नाही?"

"तुमच्याकडची कॉफी प्यालाय एकदा. तेव्हापासून नाही."

कार्ला हसली. एल्डन हसला नाही. त्याचा सारा जन्म विहिरी खणण्यात गेला होता. गोठलेली जमीन दगड वर ढकलते, उतार असेल तर खाली लोटते, हे त्याला माहीत होतं. पण कोणताही दगड एकाच दिशेला जात राहिलेला त्यानं पाहिला नव्हता.

क्रॅनबेरीच्या मळ्यांपलीकडं पाइनचं रान सुरू झालं. ओल्या पानांचा वास येत होता, आणि दूर कुठंतरी बंदुकीचा बार झाला. ओढाळची जागा आली तेव्हा तिथं दगड नव्हताच. जिथं तो असायचा तिथं ब्लूबेरीची झुडपं दाट उभी होती.

"चोरला की काय कुणी?" कार्ला म्हणाली.

"कोण चोरणार? चौघांना उचलत नाही." लेव्हरेटनं टोपी काढून डोकं खाजवलं. "सरकून सरकून जातो तो ईशान्येला. जुन्या चौकाकडं, पाद्र्याचं घर होतं ना, तिकडं. चला, बघू."

ईशान्येला काही नव्हतं. एल्डनलाच तो दिसला, भलत्याच बाजूला, पश्चिमेला, चढावर. कंबरेइतका उंच, करडा, एका अंगाला किंचित झुकलेला. त्याच्या मागं जमीन खरवडलेली नव्हती. शेवाळ फाटलं नव्हतं. वाटेतलं एक कोवळं ओकचं रोप तसंच उभं होतं.

"एवढ्या लांब?" लेव्हरेटचा आवाज उतरला. "काय थंडी पडली म्हणायची गेल्या साली!"

"थंडी दगडाला चढावर नेत नाही, लेव्ह."

"मग काय, पाय फुटले त्याला? तू विहिरी खण बाबा, तत्त्वज्ञान नको सांगू."

एल्डननं हातमोजा काढून दगडावर हात ठेवला. हवा अशी गार की नाकपुड्या झोंबत होत्या. दगड कोमट होता. नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा.

"हा दगड इथं कुणी लावला?" त्यानं विचारलं.

"माझी आजी सांगायची, खाली बाई पुरलीय म्हणून. हाकलून दिलेली. बर्फात हद्दीवरच मेली. आमचे लोक म्हणाले आमची नव्हे, मिलब्रुकचे म्हणाले आमची नव्हे. शेवटी रेघेवरच खड्डा काढला आणि वर हद्दीचा दगड रोवला. एका दगडात दोन कामं."

"नाव काय तिचं?"

"नाव कुठलं? क्वेकरीण होती कोणीतरी."

"विनी आयुष्यभर हेच शोधत होती, लेव्ह."

"अरे..." लेव्हरेट खरंच ओशाळला. "ती कचेरीत येऊन कागद मागायची. कागदात असेल तेच विचारतेय, असं वाटलं मला. ही म्हातारीची गोष्ट. कुणाला सांगायची?"

 दगड ज्या दिशेनं निघाला होता तिकडं एल्डन बघत होता. पानं झडलेल्या मेपलांमधून, टेकाडापलीकडं, धुराची एक बारीक रेघ वर जात होती. त्याच्याच घराची.

शेकडो वर्षं लेकीकडं, जुन्या चौकाकडं, निघालेला दगड विनी गेल्यानंतरच्या वर्षात वळला होता.

लेव्हरेटनं साखळी बांधली. कार्ला ट्रॅक्टरवर बसली, आणि दोघा म्हाताऱ्यांनी दोन्ही बाजूंनी पहारी लावल्या. दगड कुरकुरत उतरणीला लागला. साखळी ताणलेली, पुढं गाडी, मागं घसटत येणारा दगड. एल्डन पहार धरून त्याच्या बाजूनं चालत होता. पुढं गाडी, मागं बांधलेली बाई, बाजूनं चालणारा क्रॉकर. सोडून द्यावं असं त्याला वाटलं. पण काम अर्ध्यात टाकायची त्याला सवय नव्हती. त्यानं दगड हद्दीपर्यंत नेला आणि खड्ड्यात उभा केला. कार्लानं पांढऱ्या रंगात वर्ष घातलं.

"पंचवीस-तीस पिढ्या टिकेल असा रोवलाय," लेव्हरेट म्हणाला.

त्या दिवसापासून एल्डन घराबाहेर पडला नाही. आता शोधायचं काही उरलं नव्हतं. जागा सापडली होती, शब्द दिलेला होता, पेटी फडताळावर होती. तो सकाळी ती खाली घ्यायचा, टेबलावर ठेवायचा, कॉफी प्यायचा आणि परत वर ठेवायचा. उद्या जाऊ, म्हणायचा. जमीन ओली आहे. गुडघा दुखतोय. रविवारी जाऊ.

रविवारी पहिला बर्फ पडला. दुपारी बर्फ थांबला, ऊन पडलं, आणि एल्डन पेला विसळायला खिडकीशी गेला.

परसाच्या दगडी कुंपणाच्या आत ओढाळ उभा होता.

पेला हातात तसाच राहिला. मागं पांढरं आवार होतं, त्यापलीकडं टेकाड, त्यापलीकडं रान. बर्फावर एक ओरखडा नव्हता. दगडाच्या माथ्यावर बर्फ नव्हता. अंगावर पांढऱ्या रंगात यंदाचं वर्ष होतं.

 नळ वाहत होता.

मग तो मोठ्यानं म्हणाला, "बाई, ती माझी बायको आहे."

शेगडीत लाकूड खचलं. बाकी काही नाही.

"मला ती हवीय अजून," तो म्हणाला.

दगड हलला नाही. तो नुसता उभा होता, दारी आलेलं माणूस उभं राहतं तसा. सांगून झालं आहे, आता वाट बघायची, असा.

उन्हं उतरायच्या आत एल्डननं पेटी उचलली.

आवारातली जमीन बोटभर गोठली होती. दगडाच्या बुडाशी मात्र फावडं अलगद शिरलं. माती भुसभुशीत होती, ऊबदार. त्यानं हात घालून पाहिलं आणि चटकन मागं घेतला. पेटी आत ठेवली, माती लोटली. क्वेकर लोक अशा वेळी गप्प बसतात, हे त्याला ठाऊक होतं. तो बर्फात बसला. पहिल्यांदाच बसला. पँट भिजली, कान बधिर झाले, पण उठावंसं वाटलं नाही. इतक्या महिन्यांनी अंगातली ती धावपळ थांबली होती.

दगड हद्दीवर नाही हे कळल्यावर लेव्हरेट आला तो तावातावानं. "तू ओढून आणलास?"

"कशानं? खांद्यावर वाहून आणला?"

लेव्हरेटनं आवार बघितलं, कुंपण बघितलं. कुंपण कुठंही मोडलेलं नव्हतं. त्याचा ताव गेला. "अरे, पण हद्दीचा दगड आहे तो. उद्या मिलब्रुकवाले म्हणतील, तुझं घर त्यांच्या गावात!"

"त्यांची कॉफी पीन. आता तिला नाही ओढायचं, लेव्ह."

लेव्हरेट दगडाकडं वळला. मग त्यानं टोपी काढली. जाताना म्हणाला, "हद्दीवर सिमेंटचा खांब बसवतो. बाकीच्या पंचांना काय सांगायचं ते मी बघतो."

हिवाळा शांत गेला. दगड तसूभर हलला नाही. एल्डन दुपारी जेवायला लागला, झोपायला लागला. दोन रविवारी तो विनीच्या मंडळींत आत जाऊनही बसला.

मार्चअखेरीला जमीन मोकळी झाली. एका सकाळी तो दगडाकडं गेला, तर पलीकडच्या अंगाला माती उकरलेली दिसली. रानडुक्कर या भागात नाही. कोल्हा असेल म्हणून त्यानं पायानं माती लोटली आणि विसरला.

आठवड्यानं ती पुन्हा उकरलेली होती. या वेळी लांबट. त्यानं फावड्यानं भरली आणि वर फळी टाकली.

फळी बाजूला, कुंपणाला टेकवून ठेवलेली मिळाली. नीट, उभी.

तो काठाशी वाकला. खड्डा अजून खोल नव्हता, गुडघाभर असेल. कडा सरळ होत्या. फावड्याचा घाव कुठंच नव्हता, नखांचाही नाही. लांबी त्यानं नजरेनं मोजली. आयुष्यभर खड्डेच काढले होते, त्याला टेप लागत नसे. त्याच्या उंचीला तो पुरला असता, थोडी जागा उरून.

ही डॉर्कस असेल का? क्रॉकरचा हिशेब चुकता करायला? त्याला पाय उचलून मागं जायचं होतं. पण तो काठाची माती बघत राहिला.

विनी भाजीचे वाफे करायची तेव्हा काठ तळव्यानं दाबायची नाही. बोटं दुखत, म्हणून मूठ वळून, मुठीच्या पाठीनं दाबत जायची.

खड्ड्याच्या चारही कडांना, ओल्या मातीत, चार सांध्यांचे ठसे ओळीनं उमटले होते. सर्वांत अलीकडच्या ठशात अजून पाणी झिरपत होतं.