सटवाजीची उरलेली दवंडी

गंगाखेडात गोदावरीच्या काठाला घाटआळी होती, तेव्हाची ही गोष्ट. निजामाचं राज्य होतं, भादवा होता, आणि बायनाबाई दिवेलागणीला सुईणीला बोलवायला निघाली होती. सुनेला, मनकर्णेला, कळा सुरू झाल्या होत्या.

नदी लय चढली होती. टेकावरच्या मारुतीला जावं, तर कळा देणारी बाई चिखलातून न्यायची कशी? घरात राहावं, आणि पाणी आत आलं तर? बायनाबाईला काही सुचेना.

तेवढ्यात वास आला. हलगी तापवताना येतो तसा, शेकलेल्या कातड्याचा. मग हलगी वाजली.

आळीतली दारं धडाधड लागली. सटवाजी गावचा दवंडीवाला होता. जिवंतपणी त्याला थट्टेची खोड. एकदा कचेरी फुकट साखर वाटायलीय अशी त्यानं दवंडी दिली, तर आळी भांडी घेऊन पळाली. पुढं मोठा पूर आला, तेव्हा तो खरी दवंडी द्यायला आला आणि एकानंही दार उघडलं नाही. माणसं माळवदावर चढून वाचली, सटवाजी वाहून गेला. तेव्हापासून नदी चढली की हलगी वाजायची, आणि आळी कानात बोळे घालायची.

बायनाबाईला बोळे घालायला सवड नव्हती. सटवाजी घाटावर उभा होता. पाऊस पडत होता, पण तो भिजत नव्हता.

"ऐका हो ऐका... घाटाला दगड बसवायचाय, घरटी एक माणूस द्या..."

हे तिच्या सासऱ्याच्या लहानपणचं.

"ऐका हो ऐका... ताऊनाची साथ आलीय, आळी सोडून रानात ऱ्हावा... ताऊन गेलाय, माघारी या... हैदराबादेहून साहेब येणार, दारं झाडून ठेवा... व्यंकटरावाचा रेडा हरवलाय, एक शिंग मोडकं..."

"सटवाजीभाऊ," बायनाबाई हळूच म्हणाली, "पाण्याचं सांगा की."

"क्रमानं येतंय, बाई."

"सून कळा द्यायलीय, भाऊ."

"रेड्याचं पहिलं हाय."

ती पायरीवर बसली. रेडा सापडला. पाणी तिच्या खालच्या पायरीला लागलं.

"ऐका हो ऐका... गंगामाई आळीत यायलीय. लेकरंबाळं घेऊन मारुतीवर चढा..."

बायनाबाईनं विचारलं, "ही त्या पुराची, का आजची?"

सटवाजीनं विचार केला. "ते न्हाई सांगता येणार... मी मधी मेलो न्हवं का."

बायनाबाई उठली, आणि परत बसली. ही दवंडी आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलीच नव्हती.

"ऐका हो ऐका... बायनाबाईच्या नातवाचं, भुजंगचं लगीन हाय. सगळ्यांनी मारुतीपाशी यावं. घाटावर कुणी जाऊ नये... आळी आता न्हाई."

ती पळत सुटली. दिसेल ते दार बडवत सुईणीच्या, तानुबाईच्या, घरी पोचली.

"काय म्हणतो गं सटवाजी?" तानुबाईनं आतून विचारलं.

"लग्नाला बोलवायलाय. बाज काढ."

मनकर्णेला बाजेवर घालून माणसांनी खांद्यावर उचललं. मागून सगळी आळी निघाली. देवळात पोचल्यावर खालून आवाज यायला लागले. एकेक घर बसत होतं, दमलेली म्हातारी बसते तसं. माणूस एकही गेलं नाही. कोंबड्यासुद्धा वर होत्या.

उजाडता उजाडता रडणं ऐकू आलं.

"पोरगी हाय," तानुबाई हसून म्हणाली.

बायनाबाईनं नातीला पदरात घेतलं, पण तिचा चेहरा उतरला. "पोरगी ग्वाड हाय गं... पण सटवाजी तर भुजंगचं लगीन म्हणाला होता. मेल्यावरबी थट्टा करायलाय का काय..."

"कोण भुजंग?" म्हणत तानुबाई हात धुवायला उठली, आणि थांबली. देवळात कातडं शेकल्याचा वास आला होता. चूल कुणीच पेटवली नव्हती.

बाजेच्या पायथ्याशी, कुणीच नव्हतं तिथून, हळू आवाज आला.

"क्रमानं येतंय, बाई."

मनकर्णेनं बायनाबाईचा हात पुन्हा आवळला. "आत्याबाई... अजून..."