अर्धी राहिलेली ओळ

ही ऐकीव गोष्ट नाही. यतीन माझा सख्खा मावसभाऊ. खोटं बोलायची अक्कलच नाही त्याला.

गेल्या जानेवारीत घडलं. उत्तर मिशिगनमध्ये, तळ्याकाठच्या एका द्राक्षमळ्यात. आणि वेळ सकाळी आठची, बरं का! रात्र असती तर भास म्हणून सोडून तरी दिलं असतं.

तिथे आइस वाइन करतात. गोड, जेवणानंतर घ्यायची. त्यासाठी द्राक्षं वेलीवरच गोठू देतात. पारा उतरला की मालक फोन करतो आणि हौशी लोक तोडणीला धावतात. हा शहाणा ट्रॉयच्या आपल्या घरून चार तास ड्राइव्ह करून गेला. विकतचं दुखणं!

उणे अकरा. प्रत्येकाच्या तोंडातून वाफा. वेलींच्या ओळीला अलीकडून एक माणूस, पलीकडून एक.

यतीनच्या पलीकडे एक म्हातारा होता. हातात मोजे नाहीत. बोटं काळीनिळी.

बादलीत द्राक्षं पडत होती... टक... टक... गोट्यांसारखी.

आमचा यतीन पडला संस्कारी. म्हातारं माणूस राबताना त्याला बघवेना. म्हणाला, "अंकल, तुम्ही आत जाऊन बसा. तुमची ओळ मी पुरी करतो."

"नक्की?"

"नक्की."

म्हातारा हसला. तेव्हा यतीनच्या लक्षात आलं...

त्याच्या तोंडातून वाफ येत नव्हती.

डोळे मिटून उघडले, तर पलीकडे कोणी नाही. बर्फात पाऊलसुद्धा नाही.

यतीन पळणार होता, पण हात थांबेनात! आपोआप मोजे काढले, आपोआप खुडत राहिले. लोक निघाले, गाड्या सुरू झाल्या. ओरडायला आवाज फुटेना.

ओळ संपत नव्हती.

दुपारी मालकाला तो सापडला. दोन बोटं कापावी लागली. मालक म्हणाला, "तुझ्यासमोर मी कोणाला उभंच केलं नव्हतं."

ओळ अर्धीच झाली होती.

यंदा जानेवारीत यतीनचा फोन वाजला. उचलला त्याच्या नऊ वर्षांच्या रीमाने.

"बाबा, एक ओल्ड मॅन होता. हाफ रो बाकी आहे म्हणाला. आणि तुझी बोटं दुखतात ना..."

"मग?"

"मी म्हटलं, मी करते. आय प्रॉमिस्ड."

यतीन आता तिच्या उशाशीच बसून असतो. परवा तिकडे पारा उतरला, तेव्हा पोर झोपेत होती. गाढ झोपेत.

आणि तिचे हात हलत होते... खुडल्यासारखे.

"काय करू रे?" तो मला विचारतो.