चार किलो जास्त

इजिप्तमधल्या दमिएत्ताच्या आमच्या हृदयरोग वॉर्डात सकाळचं पहिलं काम म्हणजे वजन. हृदय थकलं की अंगात पाणी साचतं, वजन वाढतं. त्यावरूनच पाणी काढणाऱ्या इंजेक्शनचा डोस ठरतो. वीस वर्षं मी हेच करतेय.

त्या दिवशी वाळवंटातला खमासीन वारा सुटला होता. नऊ वाजताच खिडक्या काळवंडल्या. दातांखाली वाळू कचकचत होती. सात नंबरच्या खाटेवरचे म्हातारे हाज्ज बय्यूमी काट्यावर चढले. काल बहात्तर किलो होते. आज शहात्तर.

"फसीख हाणलंत ना?" डॉक्टर रऊफ खेकसले. "सणाची खारवलेली मासळी काही सुटत नाही तुम्हाला!"

"तोंडाचा वास घ्या की, डॉक्टरसाहेब. आठ दिवस तुमची अळणी डाळ गिळतोय."

"सिस्टर इन्शिराह, डोस दुप्पट करा."

मी हाज्जच्या घोट्यावर बोट दाबलं. खड्डा पडला नाही. जीभ कोरडी, रक्तदाब तळाला गेलेला. "डॉक्टर, यांच्या अंगात जास्तीचं पाणीच नाही. दुप्पट दिलं तर जीव जाईल."

"काटा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात." ते पुढच्या खाटेकडे निघून गेले.

मी हाज्जना पुन्हा काट्यावर उभं केलं. तेच शहात्तर. त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

"तिला आधी उतरव, पोरी..."

"कोणाला?"

"सनिय्याला... माझ्या बायकोला. मागे चिकटून उभी आहे. तिच्या पाणी काढायच्या गोळ्या मी अर्ध्या मोडून द्यायचो. जास्त दिवस पुरतील म्हणून. सगळेच तसं करतात ना? अंगात पाणी भरून गेली बिचारी..."

"तुम्ही उतरा खाली."

ते उतरले. काटा चारवर येऊन थांबला. रिकाम्या पत्र्यावरून ओला गारवा माझ्या पायांवर आला.

ट्रेमध्ये सकाळच्या डोसचं भरून ठेवलेलं इंजेक्शन मी खिशात टाकलं. "घाबरू नका, हे मी देत नाही," म्हणाले आणि डॉक्टरांना बोलवायला धावले.

पाच मिनिटांत परतलो. खाटेखालची लघवीची पिशवी तट्ट फुगून जमिनीवर सांडत होती. हाज्जचे ओठ चामड्यासारखे झाले होते, डोळे खोबणीत गेले होते.

"कोणी दिलं?" डॉक्टर ओरडले.

मी खिशातून इंजेक्शन काढून दाखवलं. भरलेलंच होतं. सलाईन लावलं, सगळं केलं... दुपारच्या अजानआधी हाज्ज गेले.

केसपेपरवर दुप्पट डोससमोर, औषध दिल्याची सही करतात तिथे, बाईचा बारीक अंगठा उमटला होता. तो कागद मी तीनदा उन्हात वाळवला. अजून ओलाच आहे.